बॉडीला करंट नाही

४ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाच्या! ताईचं म्हणणं, घर बदललं की वहीही नवी हवी, म्हणून ही नवी वही. जॅकेटच्या खिशात मावेल अशी मुद्दाम घेतली आहे, कारण कामावर मीटरचे आकडे टिपायलाही हीच वापरणार. दोन वह्या सांभाळण्याइतकी शिस्त माझ्यात नाही.

नोकरी अशी: तळ्याकाठी कॅरॅव्हॅन पार्क आहे. ओळीने जागा आखलेल्या, प्रत्येक जागेपाशी कमरेएवढा खांब आणि खांबावर विजेचा बॉक्स. लोक आपापली कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, आणून लावतात, बॉक्सात प्लग खोचतात आणि राहतात. कुणी सुट्टीपुरते, कुणी बारा महिने. या सगळ्या जोडण्या धड राहतील आणि कुणाला शॉक बसणार नाही, हे बघायचं माझं काम. इतकी वर्षं लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये लोंबकळून वायरिंग केल्यावर उघड्यावरचं काम म्हणजे मला चैनच वाटते.

राहायलाही पार्कचीच एक जुनी कॅरॅव्हॅन दिली आहे. ताई दारातून डोकावली आणि म्हणाली, हे घर आहे की डबा? खरंच डबा आहे. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला बाक, मध्ये शेगडी आणि बेसिन. दोघी समोरासमोर आलो की एकीने बाकावर बसायचं आणि दुसरीला वाट द्यायची. पण खिडकीतून सबंध तळं दिसतं. मॅनेजरबाईंनी पलंगावर स्वच्छ चादरी घालून ठेवल्या होत्या. चावी देताना म्हणाल्या, दार जरा कडक आहे, ओढून लावा.

ताईने पडद्याची कड उलटून पाहिली. शिवण उसवली आहे म्हणाली आणि कड सोडून दिली. एरवी पाच मिनिटांत तिने सुई काढली असती. अर्ध्या गावाचे कपडे शिवणारी बाई ती. औषधांनी तिचा आजार गेला, पण दोन्ही हातांतली जाणीवही गेली. कप धरताना ती डोळ्यांनी बघून धरते. मी म्हटलं, उसवलेला पडदा जास्त हवेशीर असतो. हसली बिचारी.

६ ऑक्टोबर

पहिली ओळ तपासून झाली. लोक विजेला अगदी गरीब गाय समजतात! एकाने इस्त्रीच्या वायरीएवढी बारीक वायर बाहेर ओढून तिच्यावर हीटर चालवला आहे. एका बाईंनी उरलेल्या केबलचं सुबक वेटोळं करून गवतात ठेवलं होतं. हात लावला तर ती चटका बसेल इतकी तापलेली. केबल सगळी उलगडून ठेवायची असते, नाहीतर आतल्या आत शिजते. एका बॉक्सात गांधीलमाश्यांनी संसार थाटलेला. एका गृहस्थाच्या प्लगच्या पिना काळ्या ठिक्कर. त्यांना खोचताना उडणारी ठिणगी बघायला मजा येते म्हणे. त्यांना समजावलं, की आधी खांबावरचा स्विच बंद करायचा, मग प्लग खोचायचा, मग स्विच चालू करायचा आणि काढताना याच्या उलट. त्यांनी मान डोलावली. उद्या परत तेच करतील.

आमच्या समोरच्या जागेत एक म्हातारे गृहस्थ राहतात. पूर्वी तळ्यावर फेरीबोट चालवायचे, म्हणून सगळे त्यांना कप्तान म्हणतात. सबंध पार्कात नीट जोडणी फक्त त्यांची. केबलला प्लगच्या खाली झोका दिलेला, म्हणजे पावसाचं पाणी प्लगात न शिरता तिथूनच ठिबकतं. मी तारीफ केली तर म्हणाले, आधीच्या वायरमनने शिकवलं. आणि लगेच आत गेले.

संध्याकाळी त्यांनी आमच्यासाठी जॅमची बाटली आणली, पण ती आमच्या जागेच्या कडेला खडीवर ठेवली आणि तिथूनच हाक मारली. चहाला बोलावलं तर गुडघ्यांचं कारण सांगितलं. आमच्या दाराला पायरी तर एकच आहे. ताईला वाटतं, दोन बायकांच्या घरात शिरायला लाजत असतील.

९ ऑक्टोबर

सकाळी ताई बाहेरून ओरडली, "अगं, याला धरलं की मुंग्या येतायत!"

दाराशेजारी चढताना धरायला स्टीलचा दांडा आहे, त्याच्याबद्दल बोलत होती. हात काढ म्हणून मी किंचाळले आणि खांबाकडे धावले. स्विच बंद केला.

कॅरॅव्हॅनच्या कामात याहून वाईट काही नाही. गाडी रबरी चाकांवर उभी असते. अर्थिंगची वायर कुठे तुटली आणि आत एखादी फेज बॉडीला टेकली, की अख्खा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्याला पत्ताही लागत नाही. जमिनीवर उभं राहून जो दाराला हात लावतो त्याला लागतो. आधी नुसत्या मुंग्या येतात. पाय ओले असले तर मुंग्यांवर भागत नाही.

ताईला लांब उभं केलं, स्विच पुन्हा चालू केला आणि दांडा व जमिनीत ठोकलेली सळई यांच्यात मीटर लावला. शून्य. हीटर, गीझर, फ्रिज एकेक करून चालू केले. तरी शून्य. केबल बदलली. प्लग उघडून तिन्ही वायरी पुन्हा कसल्या. ट्रिपचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, बटण दाबलं, तो खटकन पडला, म्हणजे तोही ठीक. बॉडीला करंट नाही. शेवटी आधी हाताची पाठ टेकवली, मग अख्खा तळवा. गार दांडा, बस्स.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुंग्या आल्या कुणाला? ताईला! गेल्या महिन्यात शेगडीवर बोट भाजलं ते जिला वासावरून कळलं, तिला.

पायरीवर बसून दोघी वेड्यासारख्या हसलो आणि मग रडलो. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नसा कधीकधी हळूहळू परत येतात, आशा सोडू नका. ताईने आज स्वतःहून केस विंचरले.

१३ ऑक्टोबर

ताई सकाळ-संध्याकाळ दांडा धरून उभी राहते. व्यायाम आहे म्हणते. पण सुई अजून कळत नाही, बटण कळत नाही. काल तिला डोळे मिटायला लावले आणि तिचा हात हातात घेतला. ती म्हणाली, धरलास का, मला काही लागत नाहीये.

फक्त तो दांडा लागतो. आणि आता मुंग्याही येत नाहीत म्हणते, ऊब येते. तळहाताची असते तशी. कुणी पलीकडून हात धरावा तशी. मी म्हटलं, पलीकडे पत्रा आहे आणि पत्र्याच्या पलीकडे आपलं कपाट. ती नुसती हसली. मला सांगायचं नाही असं काहीतरी होतं त्या हसण्यात.

आज ती आंघोळीला गेली तेव्हा तिच्या नकळत मी केबल खांबावरून काढली. आतल्या बॅटरीच्या वायरीही सोडल्या. गाडीत वीज म्हणून उरली नाही. ताई ओल्या केसांनी आली, तिने दांडा धरला आणि तिचा चेहरा असा फुलला, जसा गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर फुलतो.

केबल मी गुपचूप परत जोडली. आजारपणानंतर हा चेहरा मला पहिल्यांदा दिसला होता. कशी सांगणार?

जेवताना तिने सहज विचारलं, इथे आधी कोण राहायचं गं?

१६ ऑक्टोबर

कप्तानांना विचारलं. आधी टाळलं, हवेच्या गोष्टी केल्या. मी हलत नाही हे बघून चष्मा काढून आमच्या गाडीकडे पाठ करून बसले आणि सांगायला लागले.

आमच्या आधी वायरमन आणि त्याची बायको याच गाडीत राहायची. गाडीतला ट्रिप सारखा पडायचा. दोष कुठे आहे ते सापडत नव्हतं आणि लागणारा भाग यायला वेळ होता. बायको थंडीने कुडकुडायची. त्याने अर्थिंगची पिन कापलेला प्लग लावला आणि ट्रिपला बगल दिली. चार दिवसांचा प्रश्न आहे म्हणाला. त्यातल्याच एका पावसाळी सकाळी ती धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आली आणि वर चढायला तिने दांडा धरला. धरला तो धरलाच. चिकटली. तो आतून धावत आला, पायरी उतरला आणि दुसरा काही विचार न करता त्याने तिचं मनगट पकडलं.

"मी खांबावरचा स्विच बंद केला," कप्तान म्हणाले. "दिवे गेले, हीटरचा पंखा थांबला. करंट गेला की माणूस सुटतो ना? तुझं काम आहे हे, तूच सांग."

मी म्हटलं, सुटतो. गळून पडतो.

"नाही पडली. तशीच उभी होती दोघं. हात तसेच. डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले."

लोकांनी बोटींची वल्ही आणून त्यांना सोडवलं. तोवर काही उरलं नव्हतं. कप्तानांनी हात लावला नाही. ते म्हणाले, ओढलं असतं तर कदाचित... मी सांगितलं, तुम्ही केलंत तेच बरोबर, चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, आमचा पहिला धडाच तो आहे. त्यावर ते म्हणाले, त्याचाही होता.

दार आणि दांडा नंतर मॅनेजरबाईंनी नवे बसवून घेतले. म्हणजे हा तो दांडाही नव्हे.

१७ ऑक्टोबर

ताईला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. फक्त म्हणाली, तरीच हात बाईचा वाटतो.

मी पाना घेतला आणि दांडा काढायला लागले. आम्ही दोघी भांडत नाही. लहानपणीही नाही. आज ती माझ्या अंगावर ओरडली. "तुझे हात चालतात म्हणून तुला सोपं आहे! मला सगळं जग लाकडाचं झालंय. एक जागा होती—"

तरीही मी काढला. सामानाच्या खोलीत नेऊन कुलपात टाकला. स्क्रूच्या भोकांना पुट्टी भरली.

परत आले तर ताई दारापाशी उभी. तळवा दाराच्या पत्र्यावर सपाट टेकवलेला, कपाळही टेकवलेलं, डोळे मिटलेले. मला म्हणाली, ओरडू नकोस, ती इथेही आहे.

१९ ऑक्टोबर

मॅनेजरबाईंकडे दुसरी गाडी मागितली. कारण विचारतील म्हणून वाक्यं जुळवून गेले होते. त्यांनी विचारलंच नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ऑफिसमागची बावीसला रिकामी होते, ती घ्या. मी उठले तेव्हा म्हणाल्या, तोवर हातमोजे घालून दार उघडा.

ताईच्या मनगटावर फिकट वळ आहेत. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. दुखतं का विचारलं. नाही म्हणाली. दुखत असतं तर मला बरं वाटलं असतं.

मी विचारलं, ती काही बोलते का? ताईने बाही मनगटावर ओढली. "बोलत नाही काही. नुसती धरते. पण हल्ली सोडायला वेळ लावते."

ताई घाबरली आहे. पहिल्यांदाच. आता दाराला हात लावणार नाही म्हणाली. कबूल केलंय.

२१ ऑक्टोबर

पाऊस. कामात लक्ष नाही. एका बॉक्सात फेज आणि न्यूट्रल उलटे लावले. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

आल्यावर बघते तो ताई पत्र्याला चिकटलेली. भिजून चिंब. किती वेळची, तिलाच माहीत नाही. मी नावाने हाका मारल्या, लाकडी स्टूल तिच्या आणि दाराच्या मध्ये घातलं, जोर लावला तेव्हा सुटली. तळव्याचा ठसा पत्र्यावर कोरडा होता. सगळीकडे पाणी आणि तेवढाच कोरडा. पंजा मात्र ताईच्या पंजापेक्षा लहान—

ताई म्हणते, मी गेले नव्हते गं. मी नुसती चढत होते. पायरीवर घसरले आणि आधाराला हात—

आज लाँड्रीच्या खोलीत झोपायचं. उद्या सामान हलवायचं आणि मग संपलं.

वायरमनची बायको स्वतःला सोडवून घ्यायला बघतेय असं कप्तान म्हणतात. ताईला विचारलं. ताई म्हणाली, नाही. तिला माहीतच नाही की करंट गेलाय.

२२ ऑक्टोबर

सामान जवळजवळ हललं. फक्त पडदे आणि

ताई एक पिशवी आणायला गेली. एकच पिशवी. मी नको म्हटलं होतं—

चिकटली आहे. लिहिते आहे कारण काही सुचत नाही. खांब बंद. केबल काढली. अख्ख्या ओळीचा मेन पाडला. बॅटरी उचलून बाहेर खडीवर ठेवली. आता बंद करायला काही उरलेलंच नाही. झाडूचा दांडा मोडला. स्टूल मोडलं. कप्तान पलीकडून ओरडतायत, हात लावू नकोस, हात लावू नकोस. मी म्हटलं, ऑफिसातून माणसं आणा, वल्ही आणा. गेले.

मीटर लावला. दांड्याच्या जागी. पत्र्याला. ताईच्या कोपराला.

शून्य. शून्य. शून्य.

बॉडीला करंट नाही. ताईला करंट नाही. माझी सगळी विद्या सांगते, हात लावायला हरकत नाही.

ताईचे दात आवळलेत. त्यातूनच म्हणाली, ओढ ना गं.

माझी ताई आहे

—

डाव्या हाताने लिहिते. उजवा तिच्या मनगटावर. सुटत नाही.

शॉक नाही हा. शॉक मला माहीत आहे. ऊब आहे. ताईच्या मनगटावर माझी बोटं, त्यांच्या खाली आणखी बोटं. पुरुषाची. त्याच्या खाली—

ताई माझ्याकडे बघते. रडते. धरलास, कळलं मला, म्हणाली की मला वाटलं तसं— तिचे ओठ हलत नाहीत

माझा जबडाही आता

कप्तान आले. एकटेच. वल्हं नाही. पळत आलेत. खडीच्या कडेला थांबले नाहीत. आत आले. हात पुढे— या वेळी मी ओढणार, या वेळी ओढणार, असं काहीतरी

ओरडायचंय. तोंड उघडत नाही. वही वर धरते, मोठ्या अक्षरांत

हात लावू नका

थांबले. डोळे बारीक करतात. चष्मा नाही. दिसत नाही त्यांना. वाचायला पुढे येतात—

नाही कप्तान जवळ नको लांबूनच वा